पहिली स्पोर्टी गाडी, तीही जुनी: पोलो टीएसआय घ्यावी का?

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच जुनी गाडी घेताय, पिकअप हवा आहे, वळणावर गाडी दबून बसायला हवी आहे, आणि राहायला खानदेशात, म्हणजे पाचोरा, शिरपूर किंवा शहादा, तर २०२० ते २०२२ मधली फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, शोधा. टीएसआय म्हणजे फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन. त्याआधीची १.२ टीएसआय डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) चालवायला जास्त मजेची वाटेल, पण ती घेताना गिअरबॉक्सचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करायची. विकणारा तयार नसेल तर उठायचं.

ज्यांना दोन दारांचीच स्पोर्ट्स कार हवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनी ऑडी टीटी किंवा पोर्श बॉक्स्टर जाहिरातीत नव्या एसयूव्हीच्या भावात दिसते, पण तिचे सुटे भाग मूळ किमतीच्या हिशेबानेच येतात. पोर्शचं काम म्हणजे मुंबई किंवा अहमदाबाद गाठा. जमिनीपासून तिची उंची एवढी कमी असते की गावच्या स्पीडब्रेकरवर पोट घासणार. पहिली गाडी म्हणून तो विषय सोडून द्या. आपल्याकडे परवडणारी स्पोर्टी गाडी म्हणजे टर्बो पेट्रोल हॅचबॅक, आणि त्यात सगळ्यात जास्त पर्याय पोलोचेच मिळतात.

पोलोचा वंश आधी समजून घ्या, कारण फसवणूक इथूनच सुरू होते. चाकणला बनलेली ही गाडी भारतात २०१० ते २०२२ विकली गेली. जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली: ११९७ सीसी, चार सिलिंडर, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सोबत सात गिअरची डीएसजी. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर ते इंजिन गेलं आणि ९९९ सीसीचं तीन सिलिंडर टर्बो आलं. ताकद ११० पीएस, टॉर्क तेवढाच. जीटीला सहा गिअरची साधी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळाली, बाकी टीएसआयमध्ये सहा गिअरची मॅन्युअल किंवा हीच ऑटोमॅटिक. याच गाडीच्या बिनटर्बोच्या आवृत्त्याही होत्या: १.२ एमपीआय ११९८ सीसीची, १.० एमपीआय ९९९ सीसीची, दोन्ही पंचाहत्तर पीएसच्या आसपास. मागच्या दारावर 'जीटी'चा बिल्ला चिकटवायला काही लागत नाही. जुन्या गाडीत आरसीवरचा सीसी बघून फरक कळतो, ११९७ की ११९८. नव्या गाडीत मात्र टीएसआय आणि एमपीआय दोन्ही ९९९ सीसीच्याच, त्यामुळे आरसी कामाला येत नाही. तिथे गिअरच्या मुठीवर सहावा गिअर आहे का बघा, बॉनेट उघडून टर्बोचा मोठा पाइप बघा, आणि चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून व्हेरियंट लेखी मागून घ्या.

आता डीएसजी. हिचं अंतर्गत नाव डीक्यू२००. आत दोन कोरडे क्लच: एकावर १, ३, ५, ७, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. क्लच दाबणं, गिअर बदलणं ही सगळी कामं मेकॅट्रॉनिक नावाचा हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र असलेला खोका करतो. उघड्या रस्त्यावर ती लोण्यासारखी चालते. त्रास होतो तो मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, कारण तेव्हा कोरडा क्लच अर्धवट दाबलेल्या अवस्थेत घासत राहतो आणि त्याला थंड करायला तेल नसतं. बाहेर पंचेचाळीस अंश, खाली तापलेलं डांबर, आणि पुढे बाजार समितीच्या दारातली ट्रॅक्टरची रांग: या क्लचला याहून वाईट जागा नाही. दुसरा दोष मेकॅट्रॉनिकचा. दाब साठवणाऱ्या भागाच्या बसण्याच्या जागेला तडा जातो, तेलाचा दाब बसत नाही आणि गाडी अचानक न्यूट्रलमध्ये जाते, किंवा सम वा विषम गिअर गायब होतात. २०१३ मध्ये कंपनीने याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल भरण्यासाठी जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झाल्याची नोंद मागा. मेकॅट्रॉनिक नवीन टाकायचं तर बिल लाखाच्या वर जातं, क्लचचा संच त्याशिवाय.

डीएसजीची चाचणी अर्धा तास घेते आणि ती इंजिन तापल्यावरच घ्यायची. थंड गाडीत बहुतेक दोष लपतात. सपाट जागी डीमध्ये ब्रेक सोडा. गाडी हळूच, एकसारखी सरकायला हवी. धक्का देऊन निघाली किंवा थरथरली तर क्लच झिजलाय. मग मॅन्युअल मोडमध्ये एक ते सात आणि सात ते एक, प्रत्येक गिअर स्वतः टाकून बघा. थोड्या चढावर रिव्हर्समध्ये घ्या. दहा मिनिटं मुद्दाम गर्दीत घाला. जळगावात अजिंठा चौकाकडची संध्याकाळ पुरते. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकलं किंवा पाना दिसला तर बोलणी तिथेच थांबवा. 'तेल बदललं की जाईल' हे ऐकून घ्यायचं नाही. घेतलीच, तर सिग्नलला ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं आणि पुढे निदान दोन गाड्यांची जागा मोकळी झाल्यावरच निघायचं. इंच इंच सरकायचं नाही. या एका सवयीने क्लचचं आयुष्य बरंच वाढतं.

१.० टीएसआय मॅन्युअलमध्ये ही सगळी भानगड नाही, म्हणून ती वर ठेवली. क्लच एकच, कोणत्याही बऱ्या गॅरेजला बदलता येणारा. तपासायची पद्धत सोपी: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम पूर्ण रेस द्या. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. चालवायला कशी आहे? अठराशे आरपीएमच्या खाली थोडी सुस्त, त्यानंतर ओढ जाणवते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस ते शंभर हा पट्टा तिचा स्वतःचा. धुळ्याजवळच्या लळिंग घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर दुसरा टाकून बाहेर पडायला हीच ओढ कामाला येते. तीन सिलिंडर असल्याने उभ्या गाडीत स्टिअरिंगला बारीक कंप येतो, तो दोष समजू नका. शंभरला गाडी जमिनीला चिकटून राहते, तोरणमाळच्या वळणांवर डोलत नाही. मागची सीट मात्र अरुंद आहे. घरात चार मोठी माणसं असतील तर लग्नसराईत कुरकुर ऐकायची तयारी ठेवा.

बघायला जायचं ते सकाळी, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकण्यासाठी गाडी आधीच तापवली आहे. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या तीन-चार सेकंदांत कान द्या. २०१३ च्या सुमाराच्या १.२ टीएसआयमध्ये टायमिंग चेन आहे. ती ताणली गेली की सुरुवातीला साखळी हलवल्यासारखा खडखडाट येतो आणि मग थांबतो. बेल्ट की चेन, हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटर सांगतं. १.० ला बेल्ट आहे. पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून मग रेस दिल्यावर निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा इंजिनचं तेल जळतंय. १.२ मध्ये टर्बोच्या वेस्टगेट या झडपेचा दांडा अडकतो, तेव्हा ईपीसीचा, म्हणजे इंजिनच्या ताकदीतल्या बिघाडाचा, दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. इग्निशन कॉइल गेली तरी तोच दिवा लागतो, वर गाडी झटके देते. कॉइल स्वस्त, टर्बो महाग. म्हणून दिवा बघून अंदाज लावू नका, स्कॅनर लावा.

स्कॅनरवर पैसे वाचवू नका. फोक्सवॅगन-स्कोडाचं काम करणारा मेकॅनिक सगळे मॉड्यूल स्कॅन करून देतो. इंजिनपुरता पंधराशेचा ब्लूटूथ डोंगल पुरत नाही, कारण गिअरबॉक्स, एबीएस आणि एअरबॅगचे कोड त्याला दिसत नाहीत. नोंदवलेल्या बऱ्याच कोडसोबत त्या वेळचं किलोमीटर वाचनही साठलेलं असतं. मीटरवर ४८,००० आणि कोड ८१,००० ला पडलेला, असं दिसलं तर मीटर मागे फिरवलेलं आहे, पुढे काही विचारायची गरज नाही. सगळे कोड आदल्या दिवशीच पुसलेले सापडले तर तीही एक माहितीच. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, एबीएस, एअरबॅग, ईपीसी हे सगळे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो बंद करून ठेवलाय. ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, सगळ्या व्हेरियंटना नाही. घसरत्या गाडीचं चित्र याच वेळी लागलं तर आहे, नाही तर नाही.

उन्हाची परीक्षा वेगळी. भर दुपारी, सावली सोडून, एसी पूर्ण लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. एसीची हवा थंड राहायला हवी आणि पंख्याने मधूनमधून जोरात फिरून पुन्हा मंद व्हायला हवं. स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान बघा. नव्वद ते एकशेपाचच्या दरम्यान खेळत असेल तर ठीक, एकशेदहाच्या वर चढतच गेलं तर गाडी सोडा. १.० च्या वॉटर पंप-थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक खोक्यातून कूलंट झिरपतं. खाली थेंब दिसत नाही, पण इंजिनच्या बाजूला वाळलेला गुलाबी डाग दिसतो. कूलंटच्या टाकीत टॉर्च मारा. आतलं पाणी गुलाबीच हवं. तपकिरी किंवा साधं पाणी दिसलं तर कोणीतरी बोअरचं पाणी भरलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी तापायला लागते ती एप्रिलमध्ये, घेतल्यानंतर.

बाकी खालून. लिफ्टवर घ्या किंवा निदान सर्व्हिस सेंटरच्या खड्ड्यावर. इंजिनखालचं प्लास्टिकचं ताट फाटलेलं असेल तर काळ्या मातीचा चिखल आत भरलेला असतो. तो काढून बघितल्याशिवाय गळती कळत नाही. लोअर आर्मचे बुश तडकलेले आहेत का, शॉकअपला तेलाची ओल आहे का, अलॉयची आतली कड वाकलीय का, हे बघा. फुटलेल्या रस्त्यावर वीसच्या वेगाने काचा खाली करून चालवली की पुढचा 'टक-टक' आवाज स्पष्ट येतो. तो बहुधा लिंक रॉड किंवा बुशचा असतो, घाबरायचं कारण नाही, भाव पाडायचं आहे. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी, उन्हाळ्यात हायवेवर चालवू नये. आणि वायरिंग. शेतातल्या घराजवळ किंवा गोदामाशेजारी उभी राहणारी गाडी उंदरांना आवडते. बॉनेटखाली इंजिनमागच्या कोपऱ्यात हात घालून वायरवरचं कापडी आवरण बोटांनी चाचपा. कुरतडलेल्या कडा, नवीन काळी टेप, कापसाचा पुंजका, यातलं काहीही लागलं तर पुढच्या सहा महिन्यांत कुठला दिवा कधी लागेल याचा नेम नाही.

गाड्या आपल्याकडे सुरत-बडोद्याहूनही येतात, भाव थोडा कमी असतो, आणि विकणारा सांगतो, 'भाऊ, गाडी एक नंबर शे.' असेलही. पण बडोद्यात ऑगस्ट २०२४ मध्ये पूर आला होता आणि पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून शेजारच्या राज्यात विकणं हा जुना धंदा आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुतलेल्या बेल्टलाही टोकाकडे मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सच्या स्क्रूंवर गंज बघा. अत्तराचा भपकारा येत असेल तर एसी रिसर्क्युलेशनवर दहा मिनिटं चालवा, खाली दबलेला कुबट वास वर येतो. अपघाताचं दुसरं गणित: रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशेच्या वर आकडा गेला की खाली पुटी आहे. दार किंवा फेंडर रंगवलेला असणं गुन्हा नाही. एप्रन (बॉनेटखालची चाकाजवळची पत्र्याची चौकट) आणि पिलरवर (छताच्या खांबांवर) वेल्डिंग दिसलं तर मात्र कितीही स्वस्त असली तरी नको.

पोलो मिळालीच नाही तर? बलेनो आरएस (२०१७ ते २०२०) हलकी आणि चपळ, १०२ पीएस, चारही चाकांना डिस्क. मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला सापडतं, ही तिची खरी ताकद. पण तिचं १.० बूस्टरजेट इंजिन आयात केलेलं होतं, त्यामुळे इंजिनाच्या काही भागांना वाट बघावी लागते. दुसऱ्या क्रमांकाला आमची पसंती तिलाच. ह्युंदाई आय२० एन लाइन (२०२१ पासून) १२० पीएसची, सगळ्यात नवी आणि म्हणून सगळ्यात महाग. तिची सात गिअरची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) हीही कोरड्या क्लचचीच, म्हणजे रांगेत क्लच घासण्याबद्दल वर सांगितलेलं तिलाही लागू. फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस आणि २१५ न्यूटन-मीटर, दर आठवड्याला सुरतची खेप असणाऱ्याने जरूर बघावी. फोर्डने इथे विकायच्या गाड्या बनवणं २०२१ मध्ये थांबवल्याने सुट्या भागांची चौकशी आधी करा. अबार्थ पुंटो १४५ अश्वशक्तीची, या यादीत सगळ्यात दणकट पिकअपची, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याने हात लावू नये अशी. फियाट भारतातून गेली आहे, एक हेडलाइट शोधायला महिना जाऊ शकतो.

'रिमॅप केलेली', 'स्टेज वन' असं जाहिरातीत कौतुकाने लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून वाढवलेला टॉर्क आधीच्या मालकाने वापरला आणि झीज तुमच्या वाट्याला आली. डीएसजी असेल तर रिमॅप केलेली गाडी घ्यायचीच नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दिसला तर मूळचा जपून ठेवलाय का विचारा, नाहीतर पहिल्याच नाकाबंदीला पावती फाटेल.

कागद. एमएच १८, १९ किंवा ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) पासिंगची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी हे मुख्य कागद. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय टोकनपुढे एक रुपया देऊ नका. गुजरात किंवा मध्य प्रदेशची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, आणि बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. हा टॅक्स धरून हिशेब केला की सुरतच्या स्वस्त गाडीतला फायदा बहुतेक वेळा संपतो. ई-चलन ऑनलाइन तपासा, राहिलेला दंड विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का तेही बघा. चाव्या दोन हव्यात. विम्याचा नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळेल असं कोणी सांगितलं तर चूक आहे. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात, आणि नावावर होण्याआधी गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

गाडीच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच बजेट ठरवा. घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात, आधीची बिलं काहीही सांगोत, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. साधारण चार लिटर लागतं आणि डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२ ०० हे मानांकन लिहिलेलं हवं. त्याचबरोबर एअर फिल्टर, केबिन फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल आणि कूलंट. कंपनी सर्व्हिसचं अंतर पंधरा हजार किलोमीटर सांगते. धूळ आणि ऊन पाहता टर्बोला ते जास्तच आहे, तेल साडेसात ते आठ हजारांवर बदला. एअर फिल्टर कपाशी वेचणीच्या हंगामानंतर एकदा काढून झटका. आणि घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून एवढं विचारून ठेवा: मेकॅट्रॉनिक आणि टर्बोचं काम इथेच होतं, की गाडी टो करून नाशिकला किंवा संभाजीनगरला पाठवता? पाठवत असतील तर टोचं भाडंही भावातून कापून घ्या.